आत घे गं तिला

२३ ऑगस्ट १९६४, रविवार. पाऊस नाही. सकाळी नऊच्या बसने काक एम्बुनबरोबर क्वाला कांग्सारला गेले. हस्नाहला सातवा लागला, म्हणून तिच्या सासरी पोट झुलवण्याचा विधी होता. सात रंगांची सात वस्त्रं, सुईणबाई आमच्याच ओळखीतल्या. पिवळा चिकट भात चांगला झाला होता, रेंदांग मटण तिखट. एम्बुनला दिवसभर स्वयंपाकघरात बसवून ठेवलं. मुलीच्या पोटाला हात लावू दिला नाही. साडेपाचच्या बसने परत आलो. माझी छत्री बसमध्ये राहिली.

नोंद एवढीच आहे. एम्बुन माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला काक म्हणायची, ताई. ती मला चेगू म्हणायची, कारण मी शिकवायला होते आणि तिची हस्नाह माझ्या वर्गात होती. तैपिंगला आमच्या दोघींच्या घरांमध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण होतं. चाळीसहून अधिक वर्षं मी तिला रोज पाहिलं. तिच्याबद्दल गावाने पुष्कळ सांगितलं. मला जे ठाऊक आहे ते मी क्रमाने लिहिते.

ती १९२५ साली मातांगच्या खारफुटीकडे जन्मली. बाप कोळशाच्या भट्टीवर कामाला होता. आई, लिजाह, हिला जन्म देऊन दुसऱ्या दिवशी गेली. बाळंतपणात मेलेली बाई पोन्तियानाक होते, हडळ होऊन रक्ताच्या वासावर परत येते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. म्हणून म्हाताऱ्या बायकांनी करायचं ते केलं. तोंडात काचेचे मणी भरले, किंचाळता येऊ नये. दोन्ही काखांत एकेक अंडं ठेवलं, म्हणजे ते फुटेल या भीतीने हात पसरून उडता येऊ नये. दोन्ही तळहातांत सुया टोचल्या, मूठ उघडता येऊ नये. मग पुरलं. तरी गाव म्हणत राहिलं की लिजाह केवड्याच्या बनात दिसते.

एम्बुनला आजीने वाढवलं. मुलं तिला हडळीची पोर म्हणत आणि तिचे केस उचलून मानेमागे भोक आहे का ते बघत. कारण आमच्या गोष्टींत हडळीच्या मानेत खिळा ठोकला की ती सुंदर, शहाणी बायको होते. स्वयंपाक करते, मुलं वाढवते, आवाज चढवत नाही. खिळा निघाला की पुन्हा हडळ. एम्बुनने हे एकदा मला सांगितलं तेव्हा हसत होती. म्हणाली, "सगळी पोरं बघून गेली, चेगू. भोक कुणाला सापडलं नाही, उवा मात्र सापडल्या."

सोळाव्या वर्षी लग्न झालं. नवऱ्याला जपान्यांनी रेल्वेच्या कामासाठी सयामच्या सरहद्दीकडे नेलं, तो आला नाही. १९४३ साली हस्नाह झाली. त्या वेळी एम्बुनजवळ कोणी नव्हतं. नाळ तिने स्वतः बांबूच्या धारेने कापली. लढाई संपल्यावर ती पोरीला घेऊन तैपिंगला आली आणि एका चिनी मालकाच्या थिएटरात कामाला लागली.

तिचं काम असं होतं. बायकांच्या बाजूचं दार वेगळं असे. तिथे ती तिकीट फाडायची आणि आत आलेल्या बायकांची तान्ही मुलं ठेवून घ्यायची. पडद्याच्या कडेला जो बोळ होता, त्याच्या छताच्या तुळईला तिने सारोंगच्या कापडाचे सहा-सात पाळणे टांगले होते. प्रत्येकाची दोरी तिच्या बोटांना. दोन पायांच्या अंगठ्यांना, बाकीच्या हातांना. ती भिंतीला टेकून बसायची आणि सगळं अंग हलवत सगळ्यांना झोके द्यायची. आया आत निवांत रडून घ्यायच्या. चित्रपट ती बोळाच्या पडद्याच्या फटीतून, कडेने बघायची, त्यामुळे तिला सगळी माणसं लांबट आणि चपटी दिसत. "नायिका काय आणि म्हैस काय, मला सगळ्या सारख्याच," म्हणायची.

मग भुताचे चित्रपट आले. सिंगापूरहून दर दोन-चार महिन्यांनी एखादा यायचा आणि आठवडाभर रांग लागायची. बायका किंचाळत, एकमेकींच्या मांडीत तोंड लपवत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. एम्बुनने एकूण एक पाहिला, रोज दोन खेळ. ती घाबरायची नाही. कुंपणाशी उभी राहून मला सांगायची आणि मी वह्या तपासायच्या सोडून ऐकायची.

तिची तक्रार वेगळी होती. प्रत्येक चित्रपटात मेलेली बाई परत येते ती मुलीसाठी. दुसऱ्या कशासाठी येत नाही. तिला पैसा नको, राज्य नको. आणि प्रत्येक चित्रपटात तिला थांबवायला मुलीलाच पुढे करतात. पुरुष सगळे मागे मशाली घेऊन उभे. मी एकदा म्हटलं, काक, गोष्ट आहे ती. लिहिणाऱ्याला शेवट करायचा असतो. ती म्हणाली, "करू दे की. पण बाई बाळंतपणात मेली कशाने, हे एकाही चित्रपटात कुणी विचारत नाही हो. दवाखान्यात का नेली नाही, ते सुद्धा नाही. मेली म्हणजे तिचाच गुन्हा."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, भुतांवर विश्वास ठेवणं तिथे पाप होतं आणि आमच्या घरीही फारसं पुण्य नव्हतं. पण ते वाक्य मी त्या रात्री वहीत उतरून ठेवलं. आमचे हे म्हणाले, तिला मास्तरीण करा आणि तुम्ही पाळणे हलवा.

एका गोष्टीमुळे मात्र मला तिची भीती वाटायची. मावळतीला आमच्या गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद होत. एम्बुनची मागची खिडकी, केळीच्या बाजूची, कधी बंद झाली नाही. कडीच काढून टाकली होती. वारा आला की ती भिंतीवर आपटायची आणि मी अंथरुणात मोजत बसायची. एकदा मी विचारलं. ती भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, "तळहातात सुया आहेत ना तिच्या. कडी कशी उघडेल?"

हस्नाह त्याच खिडकीखाली वाढली. हुशार, नेटकी मुलगी. गणवेशाची घडी मोडलेली तिला खपत नसे. आईला ती माक म्हणायची; तिच्याबद्दल कोणी काही विचारलं की हिचे कान लाल होत.

१९६१ साली, ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना, तो प्रसंग घडला. नवा चित्रपट लागला होता आणि वर्गातल्या मुली मला आग्रह करून घेऊन गेल्या. हस्नाह माझ्या शेजारी बसली होती. गोष्ट एका कोळ्याच्या बायकोची. ती बाळंतपणात मरते, नवरा तिच्या मानेत खिळा ठोकून तिला परत आणतो, ती मुलगी वाढवते. मुलगी सात वर्षांची असताना आईच्या उवा काढता काढता खिळा हाताला लागतो आणि ती उपसते. आई केस मोकळे होऊन उडून जाते. शेवटी मुलीचं लग्न. पहिल्याच रात्री दारावर नखांचा आवाज. बाहेरून आई एवढंच म्हणते, बाळ, पाऊस आहे. आत नवरा मुलीच्या हातात हातोडा देतो.

थिएटर गार झालं होतं. आणि पडद्याच्या कडेच्या बोळातून, अंधारातून, स्पष्ट आवाज आला, "आत घे गं तिला."

क्षणभर सगळ्यांना वाटलं तो चित्रपटातलाच आवाज. दोन बायका खरोखरच किंचाळल्या. मग कोणीतरी ओळखलं आणि सगळं थिएटर हसत सुटलं. पाळण्यातली पोरं जागी होऊन रडायला लागली, मालक धावत आला. पडद्यावर मुलीने हातोडा उचलला तरी लोक हसतच होते. हस्नाह हसली नाही. ती उठून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून थिएटरच्या रस्त्याने शाळेत यायची बंद झाली.

त्यानंतर कित्येक महिने बाजारात एम्बुन दिसली की पोरं ओरडायची, आत घे गं तिला. मासळीवाला तर तराजू भरता भरता म्हणायचा. एम्बुनला काही वाटायचं नाही. म्हणायची, दोन मासे जास्त दे आणि मग काय ते म्हण.

६३ साली हस्नाहचं लग्न क्वाला कांग्सारच्या इद्रुसशी झालं. पाटबंधारे खात्यात कारकून, शांत मुलगा. त्याची आई हाजिणबाई रुबियाह, भाताच्या गिरणीवाल्यांची. घर मोठं, माणसं भली, रीत कडक. त्यांना थिएटरचं माहीत होतं, बाकीचं नव्हतं. आणि पहिल्या बाळंतपणाला मुलगी आईकडे येणार हे इतकं गृहीत होतं की एम्बुनने पुढच्या वर्षीचा ऑगस्ट लागायच्या आधीच पोटावर शेकायचा दगड, पोटपट्टा, आलं-मिरीची पूड असं सगळं जमवून एका टोपलीत ठेवलं होतं. केवड्याची काटेरी पानंही तिने वाळवली. सगळ्या बाळंतिणीच्या घराखाली ती लावतात, हडळीचे केस अडकावेत म्हणून. मी विचारलं, तुम्ही सुद्धा? ती म्हणाली, "हस्नाहला बरं वाटावं म्हणून. माझ्या आईला मी समजावीन."

ऑगस्टमधल्या त्या रविवारी, पोट झुलवण्याच्या विधीला हाजिणबाईंची एक तैपिंगची मावसबहीण आली होती. तिने एम्बुनला पाहिलं आणि हात धरून सगळ्यांना दाखवलं, की हीच ती, आत घे गं तिला वाली. बायका हसल्या. एम्बुनही हसली. मग त्या बाईने उत्साहात पुढचंही सांगितलं, की हिची आई हिलाच जन्म देऊन गेली, मातांगकडे अजून दिसते. हसणं हळूहळू थांबलं. सुईणबाईंनी हस्नाहच्या पोटावरून नारळ फिरवायला घेतला होता, तो हातातच राहिला.

हाजिणबाई अतिशय सभ्य बाई. त्या म्हणाल्या, "विहीणबाई, आत भात लागतोय वाटतं. जरा बघता का?"

भात लागला नव्हता. एम्बुन आत गेली आणि तिथेच बसली. मी हस्नाहकडे पाहिलं. ती सात वस्त्रांवर उताणी पडून छताकडे बघत होती.

आठवड्याने निरोप आला की बाळंतपण सासरीच होईल, विहीणबाईंनी यायची तसदी घेऊ नये, चाळिसाव्या दिवशी बाळ दाखवायला आणू. एम्बुनने मला तो कागद दोनदा वाचायला लावला. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकताना ती माझ्या ओठांकडे बघत होती, मी काही गाळते की काय म्हणून. मग एवढंच म्हणाली की तिच्या वेळी जवळ कुणी नव्हतं आणि त्या रात्री तिला कळलं होतं की बाई मरते ती रक्त जाऊन मरते, पण त्याच्या आधी कुणाचा हात हाताला लागत नाही म्हणून मरायला तयार होते. हस्नाहच्या वेळी तिला फक्त तिथे असायचं होतं. उंबऱ्यावर बसवलं तरी चालेल. ती रोज संध्याकाळी टोपलीवरचं फडकं काढून पुन्हा घालायची.

११ ऑक्टोबरला, रविवारी दुपारी, हस्नाह अचानक एकटी आली. माझ्या वहीत वेळ आहे, अडीच. पोट खाली उतरलेलं, पाय सुजलेले. मी कुंपणातून हाक मारली तर तिने नुसती मान हलवली. तासाभराने दोघी मागच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. हस्नाह आईच्या केसांना खोबरेल लावत होती. मला बरं वाटलं. मी आत जाऊन आमच्या ह्यांना सांगितलं सुद्धा, की मिटलं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी एम्बुन कुंपणाशी आली. अंबाडा घट्ट, मान ताठ. मला म्हणाली, "चेगू, इथे हात लावा." माझा हात धरून तिने मानेवर, अंबाड्याच्या मुळाशी नेला. केसांच्या आत गार लोखंड लागलं. बोटाएवढा खिळा.

हाजिणबाईंच्या मांत्रिकाने तो मंत्रून दिला होता. मुलीच्याच हाताने, आईला कळू न देता, केसांत मानेशी खोचायचा. मग हडळीच्या पोरीला बाळंतिणीजवळ येऊ द्यायला हरकत नाही. हे सगळं मला पुढे सुईणबाईंकडून कळलं. एम्बुनला कुणी सांगितलं नव्हतं. तिला हात लागताच समजलं होतं. तेल मानेवरून पाठीत उतरत होतं, पण हस्नाह पुसत नव्हती, कारण दुसऱ्या हातात काहीतरी होतं.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"मी म्हटलं, नीट घट्ट बांध गं, सारखे सुटतात."

मला इतका राग आला की मी शिकवलेल्या मुलीने हे केलं. मी म्हटलं मी आत्ता पत्र लिहिते तिला. एम्बुनने कुंपणावरून माझं मनगट धरलं. "तिला कळलं की मला कळलंय, तर ती माझ्याकडे बघू शकणार नाही. मग मी तिथे जाऊन काय करू? भिंतीकडे तोंड करून बसू?" आणि थोड्या वेळाने, "तिने आणलं ना मला आत घ्यायला काहीतरी. हातोडा नाही आणला."

चार दिवसांनी बोलावणं आलं. विहीणबाईंनी अवश्य यावं.

२९ ऑक्टोबर, गुरुवार. हस्नाहला मुलगी झाली, रोहाया. एकोणीस तास लागले. मी नव्हते, तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा सुईणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. एम्बुन सुरुवातीपासून शेवटपर्यंत हस्नाहच्या उशाशी बसली होती, तिचं डोकं मांडीवर घेऊन, दोन्ही हात हातात. आणि त्या एकोणीस तासांत तिने एकदाही मान खाली घातली नाही. सुईणबाई म्हणाल्या, बघा तरी, बाळाचं डोकं दिसतंय. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. हाजिणबाई दारात बसून तिच्या मानेवरची नजर काढत नव्हत्या. अंबाडा सुटला असता, खिळा पडला असता, तर तिला उठवलं असतं. नातीचं पहिलं रडणं तिने ऐकलं. पाहिलं तिला नंतर, आंघोळ घालून आणल्यावर.

सुईणबाईंना सगळं माहीत होतं, त्या स्वतः असल्या गोष्टी मानणाऱ्या. तरी म्हणाल्या, मी तीनशे बाळंतपणं केली, चेगू, पण त्या दिवशी त्या खोलीत मला भीती वाटली ती दारात बसलेल्या बाईची.

चव्वेचाळीस दिवस एम्बुन तिथे राहिली. परत आली तेव्हा मी पहिलं काय म्हटलं असेन तर, आता काढा तो. ती म्हणाली, बाळाचे केस कापायचा कार्यक्रम आहे पुढच्या महिन्यात, तोवर राहू दे. मग बाळाचे पाय पहिल्यांदा जमिनीला लावायचे होते. मग ईद आली. मग हस्नाहला पुन्हा दिवस गेले.

माझ्या वह्यांमधून मी पाहिलं. तो खिळा तेहतीस वर्षं तिच्या केसांत होता. रोज आंघोळीला काढायचा, तेल लावून पुसायचा, केस विंचरून झाले की पुन्हा आपल्याच हाताने खोचायचा. सकाळी कुंपणातून मला दिसायचं. ती पायरीवर बसून तो ओठांत धरायची, दोन्ही हातांनी अंबाडा घालायची, आणि मग तोंडातून काढून मागे न्यायची. जणू कुठलीही केसांतली पिन. हळूहळू मला त्याचं काही वाटेनासं झालं, याचीच आता लाज वाटते.

एक मात्र बदललं. खिळा आला त्याच वर्षी तिने मागच्या खिडकीला कडी बसवली. मी कारण विचारलं नाही. आपटण्याचा आवाज थांबला आणि मला कित्येक रात्री झोप लागली नाही.

थिएटर बंद झालं, तिथे फर्निचरचं दुकान आलं. तसे चित्रपटही निघेनासे झाले. ७१ साली आमचे हे गेले, तेव्हा शंभराव्या दिवसापर्यंत एम्बुन माझ्याकडे झोपायला होती. ७९ साली हाजिणबाई गेल्या. मातीहून परत येताना मी एम्बुनला म्हटलं, संपलं. आता कोण बघतंय तुमच्या मानेकडे?

"हस्नाह बघते," ती म्हणाली. "मी आत पाऊल टाकलं की आधी माझ्या मानेकडे बघते. मग हसते. मग म्हणते, ये माक, बस."



काल, शुक्रवारी, १३ मार्चला, दुपारच्या नमाजानंतर एम्बुन गेली. त्र्याहत्तर वर्षांची होती. वरण ढवळताना बसली ती बसलीच. आज शनिवारी सकाळी आम्ही तिला आंघोळ घातली. न्हाऊ घालणारी बाई, हस्नाह, मी आणि रोहाया. अंबाडा सोडायला न्हाऊ घालणारी बाई पुढे झाली तेव्हा हस्नाह म्हणाली, मी सोडते. तिने आम्हा सगळ्यांना जरा बाहेर जायला सांगितलं. पण मी पाणी ओतत होते, मी कुठे जाणार? मी तिथेच उभी राहिले.

केस पांढरे, विरळ, पण लांब होते. तिने बोटं घातली आणि खिळा लगेच हाताला आला. ती तो तळहातावर घेऊन बघत राहिली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिने तो उलटा करून पाहिला, अंगठा फिरवला.

"चेगू," ती हळूच म्हणाली, "हा गंजलेला नाही."

खोबरेल आणि बोटांनी तो गुळगुळीत झाला होता, डोकं झिजून चपटं झालेलं. तेहतीस वर्षं केसांत विसरून पडलेला खिळा असा नसतो, हे तिला समजायला वेळ लागला नाही. ती माझी हुशार विद्यार्थिनी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, माकला माहीत होतं?

मी एम्बुनला वचन दिलं नव्हतं. तिने मागितलंही नव्हतं. मी म्हटलं, हो. त्याच दिवशी.

मग केसांतून पाणी ओघळत असताना, आईच्या डोक्याखाली हात तसाच ठेवून, तिने सांगितलं. तो खिळा खोचून ती बसने सासरी गेली, तेव्हा वाटेत दोनदा उतरून परत यावंसं वाटलं. आली नाही. पुढे दर वेळी आई दारात आली की ती मानेकडे बघायची, तो पडला असेल या आशेने. कुठेतरी वाटेत, बाजारात, नदीत. पडला असता तर विषय संपला असता. दर वेळी केसांआड लोखंडाचं टोक दिसायचं आणि ती हसायची, कारण दुसरं काय करायचं ते कळायचं नाही. स्वतः हात घालून काढायचा, तर आईला कळलं असतं.

"मला वाटायचं, तिला कळू नये."

मी तिला आईचं म्हणणं सांगितलं नाही, की हस्नाह बघते आणि मग आत ये म्हणते. आज नाही सांगितलं. कधी सांगेन का, ठाऊक नाही. एकीने आत घेतलं जावं म्हणून ठेवला आणि दुसरी तो पडायची वाट बघत राहिली, आणि दोघींनी मिळून तो तेहतीस वर्षं सांभाळला. सगळ्या चित्रपटांत शेवटी मुलीच्या हातात काहीतरी देतात. ते देणारा नंतर कुठे जातो, कोणी दाखवत नाही. हाजिणबाईंच्या कबरीवर संगमरवर आहे. मांत्रिकाचं नावसुद्धा मला माहीत नाही.

आम्ही केसांच्या तीन वेण्या घातल्या, रीतीप्रमाणे, आणि मागे सोडल्या. बारा वाजता पुरुष घेऊन गेले.

दुपारी घर रिकामं झालं तेव्हा रोहाया स्वयंपाकघरात आली. तेहतीस वर्षांची आहे, इपोहला बँकेत असते. लहानपणी सुट्टीत आली की आजीचे केस तीच विंचरायची. ती आईला म्हणाली, "आजीची ती केसांतली लोखंडी पिन कुठे आहे? मला हवी. मी विंचरून झालं की आजी मला ती धरायला द्यायची."

हस्नाहने तो रुमालात बांधून कमरेला खोचला होता. मी कप विसळत होते, हात थांबवले. ती नाही म्हणू शकली असती, हरवली म्हणू शकली असती. ती बराच वेळ गाठीशी चाळा करत बसली. मग गाठ सोडून खिळा मुलीच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "ही पिन नाही. बस इथे. हा मी घातला होता."

रोहाया खाली बसली. मी कपांची थाळी उचलून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

आज संध्याकाळी वहीत लिहिलं: मातीहून आलेल्यांसाठी कॉफी तीनदा करावी लागली. साखर संपली. सोमवारी दोन किलो आणायची.